तीन अक्षरं

माझं काम गव्हाला दर्जा देण्याचं.
मायनॉटच्या धान्यकोठारात, वजनकाट्याशेजारी,
ट्रक आला की त्याच्या पोटात नळी खुपसायची,
मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरायचे:
फुटके किती, सुरकुतलेले किती, ओल किती.
शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत नाही,
बोटांकडे बघतो.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मात्र
मी टेबलाच्या अलीकडे उभी असते.
लूथरन चर्चचं तळघर, बाहेर उणे तीस,
कोटांना डिझेलचा वास, कॉफी पाणचट,
आणि एल्डन रुडच्या मखमली ट्रेमध्ये
शंभर वर्षांपूर्वीच्या चांदीच्या पावल्या.

पावलीवर एक बाई आहे. जाड मानेची,
डोक्यावर पानांची माळ, कपाळपट्टीवर
सात अक्षरं, लिबर्टी,
इतकी बारीक की वाचताना श्वास रोखावा लागतो.
सगळ्यात आधी तीच झिजतात.

"चेहऱ्याला भुलू नकोस, अक्षरं मोज,"
एल्डन म्हणायचा.
सातही ठसठशीत: माझा आठवड्याचा किराणा.
सात, पण पुसट: अर्धा किराणा.
तीन उरली असतील, तर एका जेवणाचे पैसे.
एकही नाही, नुसती कड आणि साल,
तर त्याला या धंद्यात म्हणतात 'गुड'.
मला हसूच फुटलं होतं.
आमच्याकडे असला गहू डुकरांना जातो.

मी तीनवर थांबले.
महिन्याला चाळीस डॉलर, पदरमोड करायची नाही,
आणि सोड्याने घासून चकचकीत केलेली तर फुकटही नको;
"तिथे बाईची कातडी सोललीय," असं एल्डनने
भिंगाखाली दाखवलं होतं.

एकदाच मोह झाला. सुगीतल्या जादा तासांचे पैसे होते.
१८९२ची घेतली, कोरी, कधीच न खर्चलेली,
निळ्या अल्बममध्ये दाबून बसवली
आणि सगळी ओळ बिघडली:
मळणीवरून आलेल्यांच्या पंगतीत
न्हाऊन-माखून नवरदेव येऊन बसावा तशी.
बाकीच्या पावल्यांनी काय काय विकत घेतलं असेल,
केरोसीन, घोड्याचे नाल, दात काढण्याची मजुरी,
हिने काहीच नाही.
दुसऱ्या महिन्यात परत केली. साठ डॉलर तोटा.
एल्डन काही बोलला नाही, फक्त कॉफी त्याने दिली.

ऑक्टोबरात तो गेला.
जानेवारीत त्याची मुलगी जोलीन टेबलाशी बसली,
अंगात बापाचाच कोट, बाह्या दुमडलेल्या.
सगळ्या ट्रेवर मिळून एकच चिठ्ठी:
कुठलीही घ्या, बारा डॉलर.

तिसऱ्या ओळीत १९०९ची होती, न्यू ऑर्लीन्सची.
सातही अक्षरं. मी भिंग लावून दोनदा मोजली.
जोलीन मान खाली घालून सुटे पैसे लावत होती.
माझी मूठ मिटली.
किती वेळ, सांगता येणार नाही.
मग उघडली.
"ही बाराची नाही," मी म्हटलं आणि दर्जा सांगितला,
काट्याशेजारी सांगते तसाच, आवाज न बदलता.
तिने आकडा लिहून घेतला.
तो आकडा मला परवडणारा नव्हता.

तिच्या शेजारची घेतली, १९०८ची.
एल, आय,
आणि दिव्याखाली कलती धरली तरच टी.
गाडीचं इंजिन तापेपर्यंत
हातमोज्यात घेऊन बसले; आधी गार लागली,
मग तिचं अस्तित्वच कळेना.

अल्बममध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०१चं भोक
अजून तसंच आहे, निळा पुठ्ठा दिसतो त्यातून.
ती तर एकही अक्षर नसलेलीसुद्धा
माझ्या गाडीपेक्षा महाग.
राहू दे.

सोमवारी सहाला पहिला ट्रक यायचा होता.
आला. मी नळी घेतली,
दाणे ताटलीत पसरले,
आणि त्या माणसाकडे पहिल्यांदाच
मान वर करून बघितलं.
दुसरा नंबर, मी म्हटलं.