गुरुवारी या

धंतोलीच्या लॅबमधली मुलगी म्हणाली, गुरुवारी या.
मला हसू आलं.
एकवीस वर्षं महालातल्या या दुकानात
मी हेच वाक्य विकत आले आहे.
गुरुवारी या ताई, काज-बटण तेवढं राहिलंय.
खरं तर कापडाची घडीही मोडलेली नसायची.

उजव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला,
दोन पूर्णांक तीन सेंटिमीटर.
मी इंचात जगणारी बाई.
घरी येऊन टेप उलटी केली:
इंचाला जेमतेम एक सूत कमी.
खडूनं एका चिंधीवर तेवढा ठिपका काढून पाहिला.
गळ्यात एवढी चूक झाली
तर मी ती गिऱ्हाइकाला कळू देत नाही.

डॉक्टर खांडवे म्हणाले, असूही शकतं,
जुन्या टीबीचा डागही असू शकतो.
बिडी? तंबाखू? घरात कुणी?
नाही, नाही, नाही म्हणत गेले
आणि दर नाहीला वाटलं, उत्तर चुकतंय.
बाहेर ऑटोत बसल्यावर आठवलं:
मायची चूल, पऱ्हाट्यांचा धूर,
फुंकणी माझ्याच हातात.
परत जाऊन सांगितलं नाही.
मायचं नाव त्या कागदावर कशाला?

सुई मला नवी नाही.
पण पाठीतून शिरणारी निराळी.
श्वास धरा, म्हणाले. धरला.
सोडा म्हणाले होते की नाही, ते आठवत नाही.

शनिवारी मारबत निघाली.
अख्खा रस्ता ओरडत होता,
ईडा-पीडा, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!
शेजारची हेडाऊ वहिनी म्हणते,
"तुम्ही काहून चूप बसून राहिल्या जी?"
तोंडात टाचण्या होत्या.
बरं झालं होत्या.
नाही तर मी नुसती ओरडले नसते,
अनवाणी धावले असते तिच्या मागं
पार जाळतात तिथवर.

रात्री मला उबळ आली
की मोरेश्वर टीव्हीचा आवाज वाढवतो.
थांबली की कमी करतो.
सोमवारी ऐन उबळीत लाइन गेली.
अंधारात नुसता माझा खोकला,
आणि रिमोटची बटणं दाबत बसलेला तो.
मग म्हणाला, "पाणी देऊ का?"
इतक्या दिवसांत आम्ही त्यावर एवढंच बोललो.

मंगळवारी गणपती बसले.
शुक्रवारी महालक्ष्म्या यायच्या,
सात घरच्या चोळ्या माझ्याकडे.
त्यांचं माप सोपं.
श्वास घ्यायचा नसला
की कुठलीच चोळी घट्ट होत नाही.

बुधवारी रात्री त्या संपल्या, हात रिकामे झाले.
मग माझं चिंतामणी कापड काढलं.
दिवाळीपासून पडून होतं.
रिपोर्टनंतर पाहू, असं ठरवलं होतं.
म्हणजे काय ठरवलं होतं, ते मनात नीट उच्चारलं नव्हतं.
साडेअकराला कात्री लावली.
एकदा लावली की कापड पुन्हा अख्खं होत नाही,
हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते.
बाजूच्या शिवणीत माया सोडली.
आम्ही तिला मायाच म्हणतो,
आत दुमडून ठेवलेलं, कुणाला न दिसणारं कापड.
बाई अंगानं भरली की उसवून वाढवता येतं.
वाळली तर आणखी आत घेता येतं.
नेहमी इंचभर सोडते.
काल दीड सोडली.

सकाळी फळीवर खडूनं लिहिलं, आज दुकान बंद.
खाली हात सवयीनं "गुरु" लिहून गेला.
पदरानं पुसलं.
मोरेश्वर स्कूटरला किक मारत होता, सुरू होत नव्हती.
लिहिलं,
शुक्रवारी या.