चार अंश

सावळजच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
बेदाण्याच्या पेट्या मोजताना
पारीस मगदूम अजून
गुडघे किंचित वाकवून उभा राहतो.

दोन हिवाळे होता तिकडं, आल्प्सवर,
ढगांच्या वरच्या एका हॉटेलात.
दिवसा भाड्याचे स्की-बूट पुसायचे,
ओले, दुसऱ्यांच्या पायांनी गरम.
रात्री तळघरातला डिस्को :
लोक बुटांसकट टेबलांवर नाचत,
बर्फ वितळून दारूत मिसळे
आणि याच्या हातात फडकं.

आई फोनवर एवढंच विचारी,
दिवस मावळायच्या आत जेवलास न्हवं?
तिथं सूर्य साडेतीनलाच डोंगराआड.
बटाटा बाजूला सारून
हा तीनला जेवायचा, उभ्यानंच,
मग पहाटेपर्यंत कडकडीत उपाशी
नाचणाऱ्यांतून ट्रे डोक्यावर धरून.

घसरायला शिकलास का रे, आम्ही विचारतो.
एकदाच, म्हणतो. शेवटच्या रात्री.
लिफ्ट बंद झालेली, पायीच चढलो.
खाली डिस्कोचा निळा ठिपका,
वर काहीच नाही.
पडलास किती वेळा?
यावर तो पेट्या मोजू लागतो.

रात्री दीडला लाईट जाते.
जनरेटर धरेपर्यंत
काळाकुट्ट अंधार, चार अंश,
ओलसर फरशी, रिकामी ट्रॉली.
तो तिच्यावर एक पाय ठेवतो
आणि ढकलतो.

आम्हाला नुसती चाकं ऐकू येतात,
सोनाकाच्या थप्प्यांमधून
पार टोकाच्या भिंतीपर्यंत.

मग कंप्रेसर खोकत सुरू होतो.
परत येऊन, धापा लपवत :
कितीवर होतो? चारशे बारा?

चारशे अकरा होते.
कोणी काही बोलत नाही.