फाटका कोन

सैतानाचं गाणं म्हणता त्याला?
आयका मंग. भुसावळला, लोको शेडच्या मागं,
झांबरे रेडिओज. पत्र्याचं दुकान, मे महिना,
खुर्चीला टेकलं तर पाठ भाजायची.

डेस्मंड आला, फायरमनचा धाकटा,
सायकलला स्पीकर बांधून.
कोन उंदरानं कुरतडलेला.
बदलतो म्हटलं. तो म्हणे, आधी वाजवून बघू.

तार छेडली आणि खर्रर्र...
बरणीतले स्क्रू नाचले.
पोरगं असं दचकलं,
जसं घरातून कुणी हाक मारली.

बाप त्याचा असाच बोलायचा,
छातीत बत्तीस वर्षांचा कोळसा.
शेवटी शेवटी नुसतं खर्रर्र,
आणि माठाकडं बोट.

आग दे, अजून आग दे,
यावर पोरं मुठी वळतात, डोकी झटकतात.
नरकबिरक काही नाही, भाऊ.
चाळीसगाव सोडलं की चढ लागतो,
तिथं ड्रायव्हर फायरमनला
एवढंच म्हणतो.

पैसे मी घेतले नाहीत.
दुरुस्त काय केलं होतं?

पुढं पर्थहून पत्र आलं :
इकडं स्पीकर फार चांगले आहेत, काका.
गाणं बसत नाही.