रकमेचा उद्देश

साखर पेठेतल्या बँकेत
बिराजदार साहेब फॉर्म फिरवून माझ्याकडे सरकवतात.
“मडूर अनसूया. परदेशातून सव्वाशे युरो.
काय विकलंत?”

काही नाही विकलं, साहेब.
अक्षरं छापणारं एक लहानसं सॉफ्टवेअर आहे.
कागदावर वेलांटी घसरू नये, रफार तुटू नये
एवढंच त्याचं काम.
ते फुकट आहे. कुणीही न्यावं,
उसवावं, पुन्हा शिवावं.

“मग पैसे कशाचे?”

मागे रांगेत टॉवेल कारखान्याचा मुनीम खोकतो.
पंखा नुसतं ऊन ढवळतो.

आईनेही विचारलं होतं,
मांडीवर सूप, कात्री चालू:
एंत?
आकडा सांगितला. कात्री थांबली.
तिच्या हजार विड्यांतून
शंभर-दीडशे रोज छाट निघतात.
त्यांचे पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.
मी म्हटलं, माझीही पहिली तीन कामं छाट झाली,
पण चिठ्ठी आली सोबत:
ओळ एकशे बारा, इथे चुकलंय, पुन्हा बघ.
“कारण सांगतात?” आई म्हणाली.
युरोपेक्षा तिला त्याचंच नवल.

दोन वर्षं काहीच आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.
शाबासकी यायची.
लाइट बिल शिकवण्यांतून भरायचे.

नान्ना जॉबर होते.
माग शेटचा, सूत शेटचं,
चादरीवरचा मोर कुणाचाच नाही,
पाहिजे त्याने उचलावा.
पण रात्री दोनला धोटा अडकला
की अशोक चौकातून सायकलवर माणूस यायचा,
गल्लीच्या तोंडापासूनच हाका मारत.
मोराचे पैसे कधी कुणी दिले नाहीत.
उठून येण्याचे दिले.

“साहेब, दुरुस्ती लिहा.”

ते यादी चाळतात. यादीत दुरुस्ती नाही.
सल्ला आहे, भेट आहे,
कुटुंबाचा निर्वाह आहे.
निर्वाहापाशी त्यांचं बोट जरा रेंगाळतं.
“तिकडे कुणी आहे का तुमचं?”

ज्यांचा चेहरा पाहिला नाही,
ज्यांची सकाळ माझ्या दुपारी उजाडते,
ते माझे कोण, हे मलाही कुठे ठाऊक.

“सल्ला,” ते स्वतःच लिहितात. शिक्का.

कमिशन कापून उरले त्यातून
चाटी गल्लीजवळ आईला नवी कात्री घेतली.
दुकानदार धार दाखवत होता
तेवढ्यात फोन थरथरला:
कुठेतरी, कुणाच्या तरी कागदावर
वेलांटी पुन्हा घसरली होती.