टेकू

येट्टे शिकायला लाइपझिगला गेली
आणि जाताना साप आमच्या गळ्यात मारून गेली.
प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं,
आत जुनं वर्तमानपत्र
आणि एक नारिंगी वेटोळं. नाव म्हणे मार्मेलाड.

"घर मोठं हवं याला," एवढंच एगॉन म्हणाला
आणि मोजपट्टी शोधायला तळघरात उतरला.
पेन्शनीत गेल्यापासून इतक्या झपझप
तो कुठे खाली उतरला नव्हता.

तळाला भाजक्या मातीच्या गोळ्या, पाणी मुरायला.
त्यावर जाळी. जाळीवर माती.
वाळू, चिकणमाती हातानेच कालवायचा,
मुठीत दाबून बघायचा
ढेकूळ टिकतं की सुटतं.
चिमूटभर जिभेवरही ठेवली असणार.
मी विचारलं नाही.

ओकची पानं माझ्या ओव्हनमध्ये भाजली,
त्यातले किडे मरावेत म्हणून.
त्या रविवारी प्लमच्या केकला
ऑक्टोबरच्या जंगलाचा वास.
शेजारच्या नुरहानबाईंनी दोनदा मागून घेतला.

मग किडेच आणले. विकत!
तांदळाएवढे, करडे, पाठीवर चिलखत.
"हे झाडलोट करतील," म्हणाला.
पंचेचाळीस वर्षं झाडलोट मी करते आहे,
मला कुणी पाकिटातून मागवलं नव्हतं.

बर्चची फांदी खाणीच्या मलब्याच्या टेकडीवरून,
जिथे आता फक्त बर्चच उगवतात.
शेवाळ कुठलं ते सांगत नाही,
पण कबरस्तानाची उत्तरेची भिंत
मला थोडी उघडी वाटते.
साप मूळचा अमेरिकेचा, मक्याच्या शेतांकडचा.
मी म्हटलं, त्याला चालेल का हे आपलं बॉट्रॉप?
"माझे आजोबा पोझनानहून आले," एगॉन म्हणाला,
"त्यांना कुठे कुणी विचारलं."

राहिली ती पाटीच्या दगडाची लादी.
ठेव ना मातीवर, छान दिसतेय, मी म्हटलं.
त्याचा हात थांबला.

"मातीवर नाही. तळावर.
हा खालून उकरणार.
माती सरकली की छत बसतं."

बोटाएवढे टेकू कापले, ओकचे,
माथ्याला खाच पाडून चार कोपऱ्यांत उभे केले.
एकेकावर नखाने टकटक करायचा
आणि कान लावायचा.
"लाकूड मोडायच्या आधी बोलतं, हाने.
लोखंड बोलत नाही."

सव्वीस वर्षं तो हा आवाज ऐकत होता
आणि एकदाही घरी घेऊन आला नव्हता.

हॉर्स्टचं नाव या घरात निघत नाही.
त्या दिवशीही निघालं नाही.
फक्त एगॉनने पाचवा टेकू लावला,
मधोमध, जिथे गरज नव्हती.

साप सोडला.
त्याने जीभ बाहेर काढून हवा चाखली,
दिव्याखालचा ऊबदार दगड सोडला,
बुचाच्या सालीचं भुयार सोडलं,
आणि त्या लादीखाली शिरला
तो नऊ दिवस दिसलाच नाही.

"लपला म्हणजे घर आवडलं, ओमा," येट्टे फोनवर हसते.
म्हणजे जितकं मन लावून सजवाल
तितकं रिकामं दिसणार.
नुरहानबाई येतात, काचेत वाकून बघतात,
पानांचं कौतुक करून जातात.

रात्री जाग आली तर बाजूची उशी गार.
तो काचेपुढे बसलेला, लाल बॅटरी मांडीवर.
झोप, म्हटलं.
"येईल आता वर."

ती खुर्ची मला माहीत आहे.
पूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीशी असायची.
रात्रपाळी सुटायला उशीर झाला की
मी तिच्यावर बसायचे.
हाताखालचा रंग जिथे उडालाय
तिथे माझी नखं आहेत.

पहाटे चारला एक पान हललं.
"ग्ल्यूक आउफ," एगॉन पुटपुटला,
खाणीतला रामराम,
अर्थ एवढाच, की सुखरूप वर ये.

आम्ही दोघं वाकलो.
पानाखालून एक करडा किडा निघाला,
झाडलोट करत.