शनिवारचा शेवटचा तास

वेळापत्रकात मी आठवड्यातून एकदाच येतो,
शनिवारी, सुटीच्या घंटेला चिकटून.
तोही तास बहुतेकदा
स्कॉलरशिपवाल्या मॅडम उसना नेतात.
उसना म्हणायचं फक्त.

चित्रकलेच्या खोलीत आता
निवडणुकीचं सामान असतं.
आम्ही व्हरांड्यात बसतो.
इतवारीकडून मिरचीचा खकाणा आला
की शिंकेसरशी रेघ वाकडी.
वाकडीच ठेवतो.

खडूंची पेटी चौघांत एक.
नागपुरात केशरी खडू
सगळ्यांत आधी संपतो.

संत्रं काढा, म्हटलं.
उत्पला गजभियेनं निळं काढलं.
"केशरी सरला ना जी सर."
मग जरा थांबून,
"अन् तसंबी, निळेच रायते.
कळमन्याला बाबाचा डबा नेतो मी,
उजेडाच्या आधी.
सूर्य आला का मंग केशरी होते."

तपासणीला आलेल्या साहेबांनी
लाल पेनानं लिहिलं: रंग चुकीचा.
मी बाजूला उभा होतो.
बावीस वर्षांची नोकरी,
गप्प राहिलो.

परवा पहाटे पाचला स्कूटर काढली.
यार्डात गारठा. हमालांच्या विड्या.
ढिगामागे ढीग,
आणि खरंच, बाप्पा,
सगळे निळे.
फटफटेपर्यंत उभा राहिलो.
एकेक केशरी होत गेला.
कोणता आधी, सांगता येणार नाही.

शनिवारी मॅडम दाराशी आल्या,
तासाला हात पुढे केलेला.
नाही म्हटलं.
त्या हसल्या, मीही हसलो.
दिला नाही.