जबाबदार कोण, हा रकाना

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो.
आमचा स्टेडियमच्या माथ्यावर घारीसारखा बसतो
आणि बावीसच्या बावीस माणसं
मुंगीएवढी करून दाखवतो.
बफलोत, कापडाच्या जुन्या गोदामात, तिसऱ्या मजल्यावर
दर सोमवारी पहाटे चारला
मी त्यातल्या चार मुंग्यांना गुण देते.

दोन कोपऱ्यांवरचे, दोन त्यांच्या मागचे.
इचलकरंजीला फोनवर बाबांना म्हटलं होतं,
कबड्डीतला कोपरारक्षक आठवा.
फक्त इथे चढाई करणारा तुम्हाला शिवायला येत नाही,
तुमच्या पाठीमागे निघून जातो,
आणि त्याच्याइतकंच जोरात तुम्हाला पळायचं असतं
उलट्या पावलांनी.
"हडळीसारखं?"
हो बाबा. साधारण तसंच.

बर्नाडेट कोवाल्चिक एकतीस वर्षं हेच करते.
पहिल्याच आठवड्यात म्हणाली,
हात बघू नकोस, हात खोटं बोलतात.
कंबर बघ. कधी वळली,
अर्ध्या पावलाचाही हिशेब ठेव.
आणि ज्याच्याकडे चेंडू फेकलाच नाही
त्याला विसरू नकोस.

तसा मला ओरिन ट्रूसडेल सापडला.
नोव्हेंबरातल्या एका रविवारी
अख्ख्या सामन्यात त्याच्या बाजूला चेंडू आलाच नाही.
पकडी शून्य, हिसकावलेले चेंडू शून्य,
पेपरात नाव नाही.
मी त्याच्या समोरच्या माणसाला बघत बसले:
एकतीस वेळा हात वर निघालेला, मी मोकळा आहे सांगायला,
एकतीस वेळा अर्ध्यावरून खाली.
चोरी झाली नाही त्या रात्री
कडी कुणी लावली होती, कोण विचारतं.

मग कालचा सामना.
शेवटचा क्वार्टर, तळ्यावरून येणारा बर्फ आडवा,
बासष्ट यार्डांची फेक.
ट्रूसडेल गुडघ्यांवर, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेलेला,
समोरचा रेषेपलीकडे नाचतोय.
सत्तर हजार लोकांना कळलं चूक कुणाची.
पहिल्यांदा बघताना मलाही.

एकोणिसाव्या वेळी दिसलं,
खेळ सुरू होण्याआधी ट्रूसडेल
डावा हात पाठीशी नेऊन दोन बोटं हलवतो.
आतली बाजू तुझी.
मागचा एझ्रा पॉलिंग, पहिलं वर्ष, मिसरूड कोवळं,
हुलकावणीला फसून पुढे येतो.
दोन पावलं.
आमच्या गल्लीत टेम्पो वळवता येईल
एवढी जागा उघडी पडते.

मी रकान्यात पॉलिंगचा नंबर टाकला.
टेप चालूच होती.
शिट्टीनंतर पोरगा डोक्यावर हात ठेवून उभा,
आणि ट्रूसडेल बर्फ झटकत उठतो,
कोचकडे तोंड करून
स्वतःच्याच छातीवर थापटतो. दोनदा.
मी. मी.

मार्चमध्ये त्याचा करार संपतो. वय एकतीस.
आमचा आकडा तिथे कुणाच्या तरी टेबलावर असेल,
हे बर्नाडेट बोलत नाही. मीही नाही.

तिला बोलावलं. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन
तिने तीनदा पाहिलं.
आत काय ठरलं होतं ते त्यांना माहीत,
आपण खिडकीबाहेरचे, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने:
पण कंबर बरोबर वळलीये.
आणि कॉफी आणायला गेली.

रकाना रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम पुढे जात नाही.
दोन नंबर घेत नाही.
छातीवरची थाप नोंदवायची सोय नाही.
मी पोराचाच नंबर ठेवला.
खरं तेच लिहिलं होतं,
तरी चहाडी केल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी घरी आले तर दारात गुडघाभर बर्फ.
फावडं घेऊन मागे मागे सरकत ओढायला लागले.
शेजारचे म्हातारे प्रुइट खिडकीतून ओरडले,
अगं उलटं काय करतेस, पुढे ढकल!
हो म्हटलं,
आणि तशीच मागे जात राहिले,
कंबर कधी वळवायची याचा अंदाज घेत.